इंग्रजी ‘रन’ कुठे धावतो, कुठे चालतो, कुठे गळतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषांतर करणारे, स्पर्धा परीक्षांना बसणारे, मुलांचा अभ्यास घेणारे आईवडील आणि अधूनमधून एखादा कंत्राटदारसुद्धा शब्दांविषयी प्रश्न पाठवतो. ‘गेट’, ‘सेट’ आणि ‘टेक’वर प्रश्न येतातच, पण ‘रन’ सगळ्यांना पुरून उरतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा भाग दुसरीकडे येऊन गेला असेल, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘रन’ म्हणजे धावणे, एवढे तर पहिलीतल्या मुलालाही येते. मग शब्दकोशात त्याला इतकी पाने का लागतात?

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीसाठी हा शब्द पीटर गिलिव्हर या संपादकांकडे होता. त्यांना त्यावर नऊ महिने लागले आणि नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ हाती आले. त्याआधी हा मान ‘सेट’कडे होता. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३०हून अधिक अर्थ होते आणि नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती.

एवढे अर्थ आले कुठून? माणूस आणि घोडा धावतो, तसे पाणीही ‘धावते’ असे इंग्रजी फार पूर्वीपासून म्हणत आली. पुढे घड्याळ आले, गिरणी आली, आगगाडी आली, छापखाना आला, संगणक आला. प्रत्येक नव्या यंत्राला ‘रन’च जोडला गेला, आणि यंत्र ज्याच्या हातात तो माणूसही ते ‘रन’ करू लागला. ६४५ मधल्या कित्येक छटा जहाजांच्या, खाणींच्या नाहीतर पत्त्यांच्या डावाच्या आहेत. रोजच्या व्यवहारात मोजक्याच लागतात.

२. मराठीत एकच प्रतिशब्द सांगा, म्हणजे लक्षात ठेवायला सोपे जाईल.

एक शब्द पुरणार नाही, पण एक किल्ली देतो: इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी बहुतेक वेळा चालते. घड्याळ चालते, दुकान चालते, पंखा चालतो, खटला चालतो, सिनेमा पंचवीस आठवडे चालतो, घर एकाच्या पगारावर चालते. या सगळ्या ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ बसतो. तेव्हा वाक्य अडले की आधी ‘चालणे’ किंवा ‘चालवणे’ लावून पाहा. पातळ पदार्थ असेल तर ‘वाहणे’ किंवा ‘गळणे’ (प्रश्न ९). रस्ता, सीमा, पाइपलाइन असेल तर ‘जाणे’: रस्ता नदीच्या काठाने जातो.

किल्ली उलटी मात्र फिरवू नका. ‘मला चहा चालेल’ यातल्या ‘चालेल’शी ‘रन’चा काही संबंध नाही, तिथे ‘टी इज फाइन’. ‘ही फाटकी नोट चालणार नाही’ म्हणजे कोणी घेणार नाही. आणि बँकेतले चालू खाते हे ‘करंट अकाउंट’ असते, ‘रनिंग अकाउंट’ नव्हे. (‘रनिंग अकाउंट’ नावाचा वेगळा प्रकार आहे, पण तो कंत्राटदारांचा. प्रश्न १० पाहा.)

३. ‘हॅज रॅन’ की ‘हॅज रन’?

‘हॅज रन’. रूपे अशी: रन, रॅन, रन. नुसता भूतकाळ असेल तर मधले रूप घ्यायचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, ती ‘रॅन’. ‘हॅज’, ‘हॅव’, ‘हॅड’ किंवा ‘वॉज’ पुढे आले की पुन्हा ‘रन’. ‘रनिंग’ लिहिताना ‘एन’ हे अक्षर दोनदा येते. परीक्षेतला गुण इथे हमखास जातो.

४. धावणे आणि पळणे यांत मराठी फरक करते. इंग्रजी करते का?

शब्दात करत नाही, पुढच्या अव्ययात करते. मराठीत मदतीला माणूस धावतो आणि चोर पळतो. शर्यतीत दोन्ही क्रियापदे चालतात, पण ‘संकटात मित्र पळून आला’ असे कोणी म्हणणार नाही. इंग्रजीत ‘रन टू’ म्हणजे कोणाकडे धाव घेणे, ‘रन फ्रॉम’ म्हणजे कशापासून तरी पळणे आणि ‘रन अवे’ म्हणजे पळून जाणे. घर सोडून गेलेल्या मुलाला ‘रनअवे’ म्हणतात. भाषांतरात अव्यय नजरेतून सुटले की धावून येणारा माणूस पळपुटा ठरतो. मी तपासलेल्या उताऱ्यांमध्ये ही चूक बऱ्याचदा दिसते.

५. धावण्यासाठी जॉग, स्प्रिंट, डॅश, बोल्ट असे कितीतरी शब्द आहेत. कोणता कधी वापरायचा?

वेग, अंतर आणि कारण या तीन गोष्टी बघायच्या.

‘जॉग’ म्हणजे दम न लागता, आरामात धावणे. ‘स्प्रिंट’ म्हणजे थोड्या अंतरासाठी सगळी ताकद लावणे. मैदानी खेळांत १००, २०० आणि ४०० मीटरच्या शर्यती स्प्रिंटमध्ये मोडतात. ‘डॅश’ही थोड्याच अंतराचा, पण त्यात घाई आहे: पाऊस आला म्हणून दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर जाणे. ‘बोल्ट’ला दचकणे लागते. मुळात तो बुजलेल्या घोड्याचा शब्द, आपल्याकडे त्याला ‘धूम ठोकली’ शोभते. ‘फ्ली’मध्ये भीती असते, युद्धातून, पुरातून, दंगलीतून लोक ‘फ्ली’ होतात, त्याचा भूतकाळ ‘फ्लेड’. कायद्यापासून पळणाऱ्यासाठी ‘अॅब्स्कॉन्ड’, म्हणजे आपला पोबारा किंवा ‘फरार होणे’. लहान मूल दुडदुडते ते ‘टॉडल’, उंदीर-खार तुरुतुरु पळते ते ‘स्करी’, घोडा चौखूर उधळतो ते ‘गॅलप’.

यातला कुठलाही शब्द काढून ‘रन’ घातला तर वाक्य चुकत नाही, पण चित्र पुसट होते. उलट दिशेने मात्र जपून: ‘शी रन्स अ होटेल’ या वाक्यात ‘स्प्रिंट’ घालता येत नाही. समानार्थी शब्द एका अर्थाचे असतात, अख्ख्या शब्दाचे नसतात.

नावात ‘रन’ असले म्हणजे धावावेच लागते असेही नाही. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, तिच्यातला सुमारे सहा किलोमीटरचा ‘ड्रीम रन’ बघून या. फलक घेऊन, वेश करून, गप्पा मारत बरेच लोक तो चालतच पुरा करतात.

६. ‘रन’, ‘मॅनेज’, ‘ऑपरेट’ आणि ‘कंडक्ट’ यांत नेमका फरक काय?

‘रन’मध्ये जबाबदारी पूर्ण आहे आणि बोलण्याचा सूर घरगुती आहे. कोपऱ्यावरची खानावळ चालवणाऱ्या काकू ती ‘रन’ करतात: भाजी आणण्यापासून हिशेबापर्यंत सगळे त्यांच्याकडे. ‘मॅनेज’ करणारा बहुधा दुसऱ्याच्या मालकीचे सांभाळतो. शिवाय ‘मॅनेज’मध्ये ‘कसेबसे जमवणे’ अशीही छटा आहे. ‘ऑपरेट’ यंत्राला लागतो: लिफ्ट, क्रेन, पोकलेन. कंपनी बससेवा ‘ऑपरेट’ करते, तेव्हा भाषा कागदोपत्री होते. ‘कंडक्ट’ एकेकट्या कार्यक्रमाला लागतो, म्हणजे परीक्षा, पाहणी, मुलाखती.

संगणकावर प्रोग्राम ‘रन’ करतात, जास्त तांत्रिक लिखाणात ‘एक्झिक्यूट’. मराठीत लोक सरळ ‘रन करून बघ’ म्हणतात. ‘कार्यान्वित कर’ असे शेजारच्या टेबलावरून ओरडणारा प्रोग्रॅमर मी अजून पाहिलेला नाही.

७. क्रिकेटमध्ये चौकार मारला तर कोणी धावत नाही. तरी त्याला ‘रन’ का म्हणतात?

मोजण्याचे माप धावेवरून ठरले, नंतर नियम बदलले तरी नाव तेच राहिले. सुरुवातीच्या काळात इंग्लंडमध्ये प्रत्येक धावेसाठी काठीवर खाच पाडत, म्हणून जुन्या लिखाणात धावांना ‘नॉचेस’, म्हणजे खाचाच, म्हटलेले आढळते. सीमेपार गेलेल्या चेंडूला चार किंवा सहा धावा बहाल होऊ लागल्या, तेव्हा ‘रन’ धावण्यापासून सुटला आणि गुण झाला. मराठीतली ‘धाव’ही त्याच वाटेने गेली.

सचिन तेंडुलकरने २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० केल्या. त्यात २५ चौकार आणि ३ षटकार. म्हणजे ११८ धावा सीमापारच्या फटक्यांच्या आणि पळून काढलेल्या फक्त ८२.

मराठी क्रीडा पत्रकारितेने इथे फार सुंदर काम केले आहे: धावचीत, धावगती, धावफलक, अवांतर धावा. ‘रनर’ला मात्र मराठी शब्द रुजला नाही, आणि आता गरजही उरली नाही. जखमी फलंदाजासाठी दुसऱ्याने धावण्याची ही सोय आंतरराष्ट्रीय सामन्यांत ऑक्टोबर २०११ पासून बंद झाली.

८. ‘धोनी रन आऊट झाला’ आणि ‘दूध रन आऊट झाले’ हे एकच का?

शब्द तेच, बांधणी वेगळी. क्रिकेटमधले ‘रन आऊट’ कर्मणी आहे. फलंदाजाला कोणीतरी बाद करते. १० जुलै २०१९ रोजी मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात धोनी ‘वॉज रन आऊट’, आणि करणारा मार्टिन गप्टिल. (ती थेट फेक अजून कोणाला विसरता आलेली नाही.)

संपण्याच्या अर्थाने मात्र दोन रचना आहेत. वस्तू कर्ता असेल तर ‘द मिल्क हॅज रन आऊट’. माणूस कर्ता असेल तर ‘ऑफ’ हवाच: ‘वी हॅव रन आऊट ऑफ मिल्क’. ‘वी आर रन आऊट’ म्हटले तर आपण सगळे तंबूत परतलो असा अर्थ होईल. संपत आले असेल, अजून संपले नसेल, तर ‘रनिंग लो’. विहीर आटली तर ‘रॅन ड्राय’.

९. नाकही ‘रन’, रंगही ‘रन’, नळही ‘रन’. हे कसे काय?

पातळ पदार्थाची गती या शब्दात फार जुनी आहे. फक्त मराठी प्रत्येक गळतीला वेगळे नाव देते, आणि तिथे शब्दशः भाषांतर लगेच उघडे पडते. नाक वाहते किंवा गळते. इंग्रजीत ते विशेषण म्हणून ‘रनी नोज’ असते. ‘रनिंग नोज’ हे आपल्या देशी इंग्रजीचे रूप, डॉक्टरांना ते बरोबर कळते. नळ चालू राहतो. नवा लाल कुर्ता पहिल्या धुण्यात ‘रन्स’, म्हणजे त्याचा रंग जातो आणि पांढऱ्या बनियनला लागतो. रडल्यावर काजळ पसरते. भाजीचा रस्सा फार पातळ झाला तर तोही ‘रनी’.

अनेकवचनी ‘द रन्स’ म्हणजे जुलाब. पोट बिघडलेल्या परदेशी पाहुण्याने हा शब्द उच्चारला तर त्याला स्कोअर सांगू नका.

पावसाचे न मुरता वाहून जाणारे पाणी म्हणजे ‘रनऑफ’. मृद व जलसंधारणाच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘अपधाव’ असा नेटका शब्द आहे. निवडणुकीतला ‘रन-ऑफ’ वेगळा, तो प्रश्न ११ मध्ये.

१०. सुतार ‘रनिंग फूट’ सांगतो आणि कंत्राटदार ‘रनिंग बिल’. यात काय धावते?

धावते ती लांबी, आणि दुसऱ्या ठिकाणी हिशेब.

रनिंग फूट म्हणजे फक्त लांबी मोजायची, रुंदी-उंची हिशेबात नाही. ओटा, रेलिंग, स्कर्टिंग, पाइप, पडद्याची पट्टी यांचे भाव असे असतात. चौरस फुटाशी गल्लत झाली तर मोठा फटका बसतो. समजा, किचनची ट्रॉली-कपाटे बारा फूट लांब आणि अडीच फूट उंच आहेत. रनिंग फुटाने ती १२ होतात, चौरस फुटाने ३०. भाव ऐकताना कुठला फूट, हे आधी विचारून घ्या आणि अंदाजपत्रकावर लिहून घ्या. हा प्रश्न भाषेचा म्हणून येतो, पण विचारणाऱ्याचे बहुधा पैसे अडकलेले असतात.

रनिंग बिल हे ‘रनिंग अकाउंट बिल’चे छोटे रूप. सार्वजनिक बांधकामच्या कचेरीत त्याला ‘आर.ए. बिल’ म्हणतात. काम पुरे होण्याची वाट न बघता, झालेल्या कामाचे मोजमाप घेऊन टप्प्याटप्प्याने दिलेले देयक ते. पहिले आर.ए., दुसरे आर.ए. असे करत शेवटी ‘फायनल बिल’. प्रत्येक नव्या बिलात पहिल्यापासूनचे एकूण काम दाखवून आधी दिलेली रक्कम वजा करतात, म्हणून ते ‘रनिंग’.

शिवणकामातल्या ‘रनिंग स्टिच’ला मराठीत ‘धावदोरा’ आहे. इतका चपखल शब्द असताना क्लासमध्ये मुली ‘रनिंग टाका’ का शिकतात, कोण जाणे.

११. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत ‘धावतो’. आपल्याकडे तो उभा राहतो. बरोबर कोण?

दोघेही. अमेरिकी इंग्रजीत ‘रन फॉर प्रेसिडेंट’, ब्रिटिश इंग्रजीत ‘स्टँड फॉर पार्लमेंट’. मराठीतले ‘निवडणुकीला उभे राहणे’ ब्रिटिश वळणाशी जुळते. भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘कॉन्टेस्ट’ सर्रास दिसतो, तो आपल्या ‘लढवणे’च्या जवळचा. अमेरिकी बातमीचे भाषांतर करताना ‘अध्यक्षपदासाठी धावत आहेत’ असे लिहू नका. ‘अध्यक्षपदाच्या शर्यतीत आहेत’ हे चालते, कारण शर्यतीचे रूपक मराठीतही रुळले आहे.

‘रनिंग मेट’ म्हणजे अध्यक्षपदाच्या उमेदवाराने सोबत घेतलेला उपाध्यक्षपदाचा उमेदवार. २०२० मध्ये जो बायडन यांच्या रनिंग मेट कमला हॅरिस होत्या. ‘रन-ऑफ’ म्हणजे पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत न मिळाल्यास आघाडीच्या उमेदवारांत होणारी दुसरी फेरी. फ्रान्समध्ये २०१७ आणि २०२२ या दोन्ही वेळी मॅक्रॉन आणि ल पेन यांच्यात ती झाली.

१२. ‘बँक रन’ म्हणजे बँक चालवणे का?

अगदी उलटे, बँक बंद पाडू शकणारी गोष्ट. बँकेवरचा विश्वास उडाला की सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला धावतात, ती धाव म्हणजे ‘बँक रन’. कोणतीही बँक सगळ्या ठेवी रोख धरून बसत नाही. बराचसा पैसा कर्जाऊ दिलेला असतो. त्यामुळे अफवेने सुरू झालेली धावही धडधाकट बँकेला अडचणीत आणू शकते.

सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर रांगा लागल्या. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर निघाले, आणि तिथे रांगेची फारशी गरजच पडली नाही, फोन पुरले. अशा वेळी निदान लहान ठेवीदाराने घाबरू नये म्हणून ठेव विमा असतो. भारतात त्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख रुपये झाली.

मराठीत ‘पैसे काढण्यासाठी झुंबड’ लिहिले की अर्थ पोहोचतो. ‘बँकेची धाव’ लिहिले की कोणालाच काही कळत नाही.

१३. ‘हिट अँड रन’मध्ये ड्रायव्हर गाडीतूनच जातो. मग ‘रन’ कसा?

इथे ‘रन’ म्हणजे निसटणे. पायांनी की चाकांनी, हा मुद्दा नाही. मराठी बातमीत ‘धडक देऊन चालक पसार’ असते, तेच नेमके आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२)मध्ये निष्काळजी वाहन चालवून मृत्यूला कारण झालेला आणि न कळवता पळालेला चालक यासाठी दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठरवली आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्यावरून ट्रकचालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि पुढे ते पोटकलम लागू करणे थांबवले गेले. धडक देणाऱ्या वाहनाचा पत्ताच लागला नाही तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये भरपाईची योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. ‘हिट अँड रन’चा अर्थ विचारणाऱ्या बऱ्याच जणांना खरे तर हे हवे असते, म्हणून इथे दिले.

१४. ‘रन इंटू’, ‘रन ओव्हर’, ‘रन थ्रू’... यांनी डोके फिरते. काही क्रम लावता येईल का?

क्रम नाही, सवय लागते. जे नेहमी चुकतात तेवढेच घेतो.

‘रन इंटू’ माणसाला लागले तर अचानक भेटणे: बाजारात जुने मास्तर भेटले. भिंतीला लागले तर धडकणे. अडचणीला लागले तर तीत सापडणे. आकड्याला लागले तर तिथवर जाणे: खर्च लाखांत गेला.

‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली चिरडणे. पण मीटिंग ‘रन ओव्हर’ झाली तर ती वेळेपेक्षा लांबली, आणि दूध ‘रन ओव्हर’ झाले तर उतू गेले. टिपणांवरून नजर फिरवणे यालाही ‘रन ओव्हर’ म्हणतात, तरी त्यासाठी ‘रन थ्रू’ जास्त रूढ आहे.

‘रन डाऊन’ जपून वापरा. बॅटरी उतरणे आणि दमून गळून जाणे ठीक, पण माणसाला ‘रन डाऊन’ करणे म्हणजे त्याला गाडीने उडवणे किंवा त्याची निंदा करणे. जोडून ‘रनडाऊन’ लिहिले की नाम होते: थोडक्यात माहिती.

‘रन अप’ बिलाला लागले तर उधारी करून ठेवणे. गोलंदाजाचा ‘रन-अप’ सगळ्यांना ठाऊक आहे.

‘लेट मी रन धिस बाय यू’ हे कचेरीतले आवडते वाक्य. त्याला मराठीत तयार शब्द आहे: कानावर घालणे. ‘हे जरा साहेबांच्या कानावर घालून ठेवा’ म्हणजे मंजुरी नको, निदान माहीत असू दे.

१५. ‘ड्राय रन’ला ‘रंगीत तालीम’ म्हणावे का?

जानेवारी २०२१ मध्ये कोविड लसीकरणाचा ‘ड्राय रन’ झाला तेव्हा मराठी बातम्यांत दोन्ही शब्द दिसले. कटकट अशी की रंगीत तालीम म्हणजे वेशभूषा, रंगभूषा, दिवे यांसह केलेली नाटकाची शेवटची तालीम. सगळे खरे, फक्त प्रेक्षक नाहीत. ‘ड्राय रन’मध्ये मुख्य वस्तूच नसते. त्या दिवशी नावनोंदणी झाली, रांग झाली, निरीक्षण कक्षही झाला, लस मात्र टोचली नाही. मी ‘सराव फेरी’ लिहितो. ‘ट्रायल रन’ वेगळा: तिथे मेट्रोची खरी गाडी खऱ्या रुळांवर चालवून पाहतात, म्हणून ‘चाचणी फेरी’.

१६. धावणारी गाडी आणि चालती गाडी: ‘रनिंग ट्रेन’ बरोबर आहे का?

‘चालत्या गाडीतून उतरू नका’ याचे इंग्रजी ‘मूव्हिंग ट्रेन’. ‘ट्रेन इज रनिंग’ म्हटले की गाडीची सेवा चालू आहे असा अर्थ निघतो, मग ती या क्षणी फलाटावर उभी का असेना. आपल्या लोकलच्या घोषणेतही गाडी ‘उशिराने धावत आहे’, आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असते की ती कुठेतरी सिग्नलला थांबलेली आहे.

रेल्वेने या शब्दाशी आणखी एक गंमत केली आहे. लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर म्हणजे ‘रनिंग स्टाफ’, आणि परगावी गाडी पोहोचवल्यावर ते जिथे झोपतात ती ‘रनिंग रूम’.

१७. ‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे तीन दिवस धावलो?

सलग तीन दिवस. ‘रनिंग’ संख्येच्या मागे आला की ‘ओळीने, खंड न पडता’. नामाच्या आधी आला की चालू असलेले: ‘रनिंग टोटल’ म्हणजे वेळोवेळी वाढत जाणारी बेरीज, ‘रनिंग कॉमेंटरी’ म्हणजे धावते समालोचन.

१८. ‘रन ऑफ द मिल’चा गिरणीशी खरेच संबंध आहे?

आहे. गिरणीतून निघालेला, प्रतवारी न केलेला माल तो. त्यात चांगले-वाईट सगळे मिसळलेले, म्हणून पुढे अर्थ झाला सर्वसाधारण, चारचौघांसारखा. त्याचा भाऊ खाणीत आहे: ‘रन ऑफ माइन’, म्हणजे खाणीतून निघालेला, न निवडलेला, न धुतलेला कोळसा. चंद्रपूर-वणीकडच्या कोळसापट्ट्यात ‘आर.ओ.एम.’ हे संक्षेप कानावर पडेल. ‘रन ऑफ द रिव्हर’ वीजप्रकल्प मात्र या कुळातला नाही. तिथे मोठे धरण न बांधता नदीच्या वाहत्या पाण्यावरच जनित्र फिरवतात.

१९. ‘इन द लाँग रन’ म्हणजे किती वर्षे?

बोलण्यात ‘कालांतराने’ किंवा ‘शेवटी’, एवढेच. अर्थशास्त्रात ‘दीर्घकाळ’ हा पारिभाषिक शब्द आहे आणि तिथेही वर्षे ठरलेली नाहीत. उत्पादनाचे सगळेच घटक, अगदी कारखान्याची इमारतसुद्धा, बदलता येतील इतका काळ म्हणजे दीर्घकाळ. वडापावच्या गाडीला त्यासाठी काही आठवडे पुरतील, पोलाद कारखान्याला कित्येक वर्षे लागतील.

२०. ‘फर्स्ट रनर-अप’ म्हणजे पहिला क्रमांक ना?

दुसरा. विजेता वेगळा, त्याच्या पाठचा फर्स्ट रनर-अप, त्यानंतरचा सेकंड रनर-अप, म्हणजे तिसरा. मराठीत ‘उपविजेता’ एकालाच शोभतो, म्हणून सरळ ‘द्वितीय’, ‘तृतीय’ लिहिलेले बरे. अनेकवचनाचा ‘एस’ मध्ये बसतो: ‘रनर्स-अप’.

२१. ‘इट रन्स इन द फॅमिली’चे मराठी?

गुण असेल तर ‘घराण्यातच आहे’. आजार असेल तर ‘आनुवंशिक’, किंवा डॉक्टर विचारतात तसे, ‘घरात कोणाला आहे का?’ गाणे वडिलांकडून आले असेल तर ‘रक्तातच आहे’. खोडीसाठी आजीचे ‘वळणावर गेलाय’ पुरते.

२२. न्यायालय म्हणते शिक्षा ‘रन कंकरंटली’. आरोपी नेमका किती वर्षे आत राहणार?

एकाच खटल्यात दोन गुन्ह्यांसाठी तीन आणि पाच वर्षे शिक्षा झाली असे धरा. ‘कंकरंटली’ म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालतील: एकूण पाच वर्षे. ‘कॉन्सिक्यूटिव्हली’ म्हणजे एक संपल्यावर दुसरी: आठ वर्षे. बातमीदार निकालपत्रातला हा एक शब्द गाळतात आणि मथळ्यात बेरीज छापतात. आपल्याकडे जून २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, न्यायालयाने स्पष्टपणे ‘एकत्रित भोगायच्या’ असे म्हटले नसेल, तर एका खटल्यातल्या कैदेच्या शिक्षा एकामागून एक भोगाव्या लागत. त्यामुळे त्या संहितेखालच्या निकालात हा शब्दच सापडला नाही, तर बेरीज बरोबर असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मात्र शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक, हे न्यायालयानेच सांगायचे असते.

मुदतीबाबतही हेच क्रियापद येते. अपिलाची मुदत अमुक तारखेपासून ‘रन्स’, म्हणजे ती त्या दिवसापासून मोजायची. ‘चालू आहे’ असे भाषांतर केले तर मुदत अजून शिल्लक आहे असा भलताच दिलासा पक्षकाराला मिळतो. तिथे ‘मुदत सुरू होते’ असेच लिहा.